कमरेवरच्या कर्करोगाचे कारण शोधणारे डॉ. खानोलकर

भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ मध्ये क्वेट्टा येथे झाला. लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेऊन ते परतले आणि मुंबईत विकृतिशास्त्र शिकवू लागले. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाल्यावर तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

गोऱ्या वर्णाच्या लोकांत त्वचेचा कर्करोग मुख्यतः उन्हामुळे होतो. भारतीयांच्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते. तरीही काही रुग्णांना हा रोग कमरेवर, नेमका धोतर आवळण्याच्या जागी झालेला आढळे. वर्षानुवर्षे काच बसून तेथील कातडी काळवंडते, जाड होते; पुढे व्रण पडतो आणि तो भरून येत नाही. बी. सूर्याबाई यांच्यासह खानोलकरांनी १९४५ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. काश्मिरातील कांगडीच्या धगीने होणारा कर्करोग तेव्हा ज्ञात होता. येथे मात्र ना ऊन होते, ना आग. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत नसलेले कारण त्यांना रुग्णाच्या नेसण्यात सापडले, ही त्यांच्या संशोधनाची खरी ओळख म्हणावी लागेल.

१९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. कुष्ठरोगावरील त्यांचे कार्यही मोलाचे आहे. १९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या काचामुळे कमरेवर कर्करोग झालेल्या दोन महिलांची नोंद प्रसिद्ध केली.