मादाम क्युरी आणि रेडियमचा वारसा

मेरी स्क्लोडोव्स्का यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. त्या काळी तेथे रशियाची सत्ता होती आणि स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती. परक्या घरी मुलांना शिकवून मेरींनी थोरल्या बहिणीच्या शिक्षणास हातभार लावला आणि १८९१ मध्ये त्या स्वतः शिकण्यासाठी पॅरिसला गेल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरी या शास्त्रज्ञाशी त्यांचा विवाह झाला.

१८९८ मध्ये या दांपत्याने पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. रेडियम वेगळे करण्यासाठी बोहेमियातील खाणीवरून पिचब्लेंड या खनिजाचा चोथा पोत्यांतून मागवला जाई. एका गळक्या शेडमध्ये मेरी तो उकळत आणि लोखंडी दांड्याने तासन् तास ढवळत. कित्येक टन चोथ्यातून १९०२ मध्ये त्यांच्या हाती रेडियमचे क्षार आले, तेही जेमतेम एक दशांश ग्रॅम! या कार्यासाठी त्यांना १९०३ व १९११ असे दोनदा नोबेल पारितोषिक लाभले. रेडियम काढण्याच्या पद्धतीचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

प्रयोगशाळेतील धूळ, हवा आणि कपडेही किरणोत्सारी होतात, हे मेरींच्या ध्यानात आले होते. त्यामुळे मोजमापे चुकतात, याची त्यांना चिंता वाटे. शरीरावर होणारा घातक परिणाम मात्र त्या काळी पुरता उमगलेला नव्हता. ४ जुलै १९३४ रोजी रक्तक्षयाच्या असाध्य विकाराने त्यांचे निधन झाले. किरणांच्या दीर्घ सहवासाने तो जडला असावा, असे मानले जाते.

मेरी गेल्या, रेडियम मागे राहिले. त्याचा किरणोत्सार निम्मा होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात. तो धुऊन नाहीसा होत नाही आणि जाळूनही संपत नाही. दूषित गिलावा खरवडणे, फरशी उखडणे, माती खणून काढणे, तो कचरा बंदिस्त करून सांभाळणे आणि उरलेला किरणोत्सार उपकरणाने पुन्हा मोजणे, एवढेच माणसाच्या हाती असते. म्हणूनच पॅरिसच्या रेडियम संस्थेतील त्यांची प्रयोगशाळा १९८१ मध्ये किरणोत्सारमुक्त करावी लागली; तेथे आज संग्रहालय आहे. पॅरिसजवळील आर्क्यइ येथील संस्थेची प्रयोगशाळा १९७८ पर्यंत वापरात होती. पुढे तिची इमारत व परिसर यांच्या शुद्धीचे काम दीर्घकाळ चालवावे लागले. मेरींच्या टिपणवह्या आजही शिशाच्या पेट्यांत जपल्या जातात.

ज्या रेडियमने कर्करोगाच्या उपचाराचा मार्ग खुला केला, त्यानेच भिंती आणि माती दूषित केली. मेरींनी आपल्या अविश्रांत श्रमांनी जगाला ज्ञान दिले. त्या ज्ञानामागे उरलेल्या धोक्याचे निवारण करणे, हे पुढील पिढ्यांचे कर्तव्य ठरले. किरणोत्सार मोजण्याची जी विद्या मेरींनी प्रगत केली, तीच या कामी त्यांच्या उपयोगी पडत आहे.