कमलाताई होस्पेट : बाळंतिणीची खोली बदलणारी परिचारिका



परिचारिकेवर निबंध लिहा म्हटलं की आपली मुलं फ्लॉरेन्स नाइटिंगेलबद्दल लिहितात. छानच आहे ते. पण काटोलहून साठेक किलोमीटरवर, नागपुरात होऊन गेलेल्या कमलाताई होस्पेट बऱ्याच मुलांना माहीतच नसतात. म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्यांचा जन्म 1896 साली खानदेशातल्या शिरपूरचा. माहेरचं नाव यमुना मोहनी. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच लग्न झालं आणि चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलं. तेव्हा विधवा बाई म्हणजे अपशकुन. बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकू, कुठेच तिला पुढे येऊ देत नसत. आणि हीच मुलगी पुढे नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिका आणि सुईणीचं शिक्षण घ्यायला गेली! शुभकार्यात जिची सावली नको, तिच्याच हातांवर आता नवी बाळं जन्माला येणार होती. शिवाय बाळंतपण करणं हे विटाळाचं, हलकं काम समजलं जाई. पांढरपेशा घरातल्या बाईने ते पत्करणं किती अवघड गेलं असेल, याचा अंदाज करून बघा.

त्या वेळची बाळंतिणीची खोली कशी असायची? घरातली सगळ्यात अंधारी खोली. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, आत शेगडीचा धूर, अंथरायला जुनीपानी चिंध्या-गोधडी. नाळ विळ्याने नाहीतर हाताला येईल त्या पात्याने कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचं. मग पाच-सहा दिवसांनी बाळ दूध ओढेनासं होई, जबडा घट्ट मिटे, अंग ताठ होई. लोक म्हणत, सटवाईने नेलं. तो असायचा धनुर्वात. आईला ताप भरायचा, तो बाळंतज्वर. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा घाण हात आणि घाण हत्यार.

यावर प्रशिक्षित सुईणीकडे उपाय होते ते अगदी साधे. नखं कापलेली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतलेले. कात्री आणि दोरा उकळलेला. नाळेवर काहीही न लावता ती कोरडी ठेवायची. खोलीत उजेड आणि हवा, धुऊन उन्हात वाळवलेले कपडे. रक्तस्राव आणि ताप यांवर लक्ष. एवढ्यानेच जीव वाचत.

जेवणाचंही तसंच. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत कित्येक घरांत होती. खरं तर दूध पाजणाऱ्या आईला पाणी जास्तच लागतं. पहिला पिवळसर चीक टाकून बाळाला गुळाचं पाणी चाटवत, तेही चुकीचंच. मात्र डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी यांच्याशी भांडण नाही हं! फक्त त्यासोबत वरण-भाजीही हवी.

1921 मध्ये कमलाताईंनी वेणूताई नेने यांच्यासोबत नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. सुरुवात सीताबर्डीवर, अवघ्या चार खाटांनी. बाळंतपणासाठी घराबाहेर जाणं म्हणजे कमीपणा, असं मानणाऱ्या काळात त्या चार खाटा भरणं हेच मोठं काम होतं. घरच्या सासूबाईंची समजूत पटल्याशिवाय सून दवाखान्यात येणार कशी?

हळूहळू विश्वास बसला. संस्थेच्या शाखा निघाल्या, मुलींना परिचारिकेचं शिक्षण मिळू लागलं. म्हणजे गरजू, एकट्या पडलेल्या बाईला सन्मानाने पोट भरायचं साधन. पुढे मतिमंद मुलांसाठी नंदनवन शाळा, वृद्धांसाठी पंचवटी, समाजकार्य महाविद्यालय असा पसारा वाढत गेला. 1961 साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. 1981 मध्ये त्या गेल्या.

हा पाठ वर्गात घेताना मुलांना एक काम द्या. घरी आजीला विचारून यायचं : तुझा जन्म कुठे झाला, घरी की दवाखान्यात? नाळ कोणी कापली, कशाने? खोलीला खिडकी होती का, प्यायला पाणी देत होते का? ज्यांच्या घरी आजी नाही, त्यांनी शेजारच्या आजीला विचारावं. उत्तरं वहीत लिहून आणू द्या आणि ती वर्गात मोठ्याने वाचू द्या.