रेशनची रांग मोडणारे रफीसाहेब

मुंबईत वडाळा-शिवडीच्या रफी अहमद किडवाई मार्गावरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज ये-जा करतात. पण हे किडवाई कोण, असं घरातल्या मुलांना विचारलं तर बहुतेक गप्प बसतात. म्हणून आम्ही आज त्यांच्याबद्दल लिहितोय.

१८ फेब्रुवारी १८९४ रोजी बाराबंकी जिल्ह्यातल्या मसौली गावात, जमीनदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. अलीगढला शिकले, खिलाफत-असहकाराच्या लाटेत वकिलीचं शिक्षण अर्धवट सोडून तुरुंगात गेले. मोतीलाल नेहरूंचे सचिव झाले. पुढे रायबरेलीत खंडबंदीच्या चळवळीत ते कुळांच्या बाजूनं उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर ते देशाचे पहिले दळणवळण मंत्री.

खरी परीक्षा मात्र १९५२ मध्ये अन्नखातं हाती आल्यावर झाली. मुंबईत १९४३ पासून रेशनिंग होतं. १९५१ च्या सुरुवातीला तर माणशी रोजचं धान्य १२ औंसांवरून ९ औंसांवर आणलं गेलं, म्हणजे जेमतेम पाव किलो! मोलमजुरी करणाऱ्याचं त्यात काय भागणार? जास्तीचं हवं असेल तर काळा बाजार, आणि तिथला भाव गरिबाला कुठून परवडणार!

रफीसाहेबांचं म्हणणं वेगळंच होतं. धान्य अगदीच नाही असं नाही, ते भीतीपोटी आणि नफ्यापोटी दडवलं जातंय. सरकारी साठा हाताशी ठेवून एकेक बंधन काढलं, तर दडवलेलं धान्य आपोआप बाहेर येईल. अनेकांना हा जुगार वाटला. भाव भडकले असते तर सगळ्यात आधी गरिबाच्याच घरची चूल विझली असती. त्यांनी तरी पाऊल उचललं, आणि १९५४ मध्ये तांदळावरचंही नियंत्रण उठलं. पावसानं साथ दिली, पिकं चांगली आली, हेही खरं. सगळं श्रेय एकट्या मंत्र्याला देणं आम्हाला पटत नाही.

पुढे टंचाई परतली, रेशन दुकानंही परतली. आज अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क आहे. रफीसाहेबांनी रेशन मोडलं म्हणून ते अशा हक्काच्या विरोधात होते, असं कुणी समजू नये. त्यांचा राग गरिबाच्या नावानं चालणाऱ्या साठेबाजीवर होता.

२४ ऑक्टोबर १९५४ रोजी दिल्लीत मंत्रिपदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. मागं राहिलं ते कर्ज आणि मसौलीतलं पडकं घर.