सुंदरलाल होरा : माशांच्या शरीरावरून डोंगरांचा इतिहास शोधणारे शास्त्रज्ञ

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओढ्यांना इतका जोर असतो की माणसाचे पाय ठरत नाहीत. त्याच पाण्यात बोटभर लांबीचा मळ्या मासा खडकावरचे शेवाळ खरवडत निवांत राहतो. तो रोहू आणि कटला यांच्याच कुळातला आहे, पण त्याच्या तोंडाखाली एक चकती असते. तिने तो दगडाला चिकटतो. असे मासे वाहून का जात नाहीत, या प्रश्नाचा सखोल अभ्यास करणाऱ्यांत डॉ. सुंदरलाल होरा यांचे नाव अग्रभागी आहे.

लाहोर ते कलकत्ता

होरा यांचा जन्म मे 1896 मध्ये पंजाबातील हाफिजाबाद येथे झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. लाहोरला ते प्राणिशास्त्र शिकत असताना, 1919 मध्ये, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अॅनंडेल तेथे आले. या हुशार विद्यार्थ्याला त्यांनी कलकत्त्याला बोलावले. होरा संस्थेत रुजू झाले आणि लवकरच मत्स्यविभाग त्यांच्याकडे आला. मणिपूरच्या माशांवरचा त्यांचा अभ्यास 1921 मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रवाह मासा कसा घडवतो?

खासी टेकड्यांसारख्या भागांतील ओढ्यांत होरांना निरनिराळ्या कुळांतले, पण सारख्याच ठेवणीचे मासे दिसले. पोट सपाट, शरीर दबलेले, पर दोन्ही बाजूंना पसरलेले. कुणाच्या ओठाशी चकती, तर कुणाच्या छातीवर घट्ट धरणाऱ्या वळ्या. तळ्यातल्या माशाला तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी यांच्यात लहान झालेली असते, कारण वेगवान पाण्यात तरंगणे म्हणजे वाहून जाणे.

होरांनी यातून महत्त्वाचा निष्कर्ष काढला. दोन मासे सारखे दिसतात म्हणून ते जवळचे नातलग असतीलच असे नाही. सारख्या प्रवाहात राहूनही शरीरे सारखी होतात.

सातपुड्याचे कोडे

मग त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न आला. पश्चिम घाटातील काही मासे थेट आसाम, ब्रह्मदेश आणि मलायातील माशांशी जुळत होते. हे साम्य वरवरचे नव्हते. बॅलिटोरासारख्या काही माशांच्या बाबतीत तर प्रजातीच एक होती. थंड, खळाळत्या पाण्यातले हे मासे मधली उष्ण मैदाने ओलांडून आले कसे?

होरांचे उत्तर होते : सातपुड्यावरून. एके काळी पूर्व हिमालयापासून राजमहाल टेकड्या, विंध्य आणि सातपुड्यापर्यंत अधिक उंच व ओलसर डोंगररांग असावी आणि तिच्या ओढ्यांतून मासे पिढ्यान्‌पिढ्या पश्चिम घाटाकडे सरकले असावेत, असे त्यांनी मांडले. या ‘सातपुडा गृहीतका’वरचे निबंध 1949 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले आणि वाद रंगला. सातपुडा अलीकडच्या काळात एवढा उंच व सलग होता याला भूशास्त्राचा आधार मिळेना. प्रवाहामुळे आलेले साम्य नाते म्हणून मोजले जात नाही ना, हा होरांच्याच संशोधनातून निघणारा प्रश्नही होता. आजच्या डीएनए अभ्यासांतून वेगवेगळे प्राणीगट वेगवेगळ्या काळात पसरल्याचे दिसते. एकच वाट सर्वांना लागू पडत नाही, पण हे मासे इथे आले कुठून, हा होरांचा प्रश्न अजूनही अभ्यासला जातो.

युद्ध, पूर आणि पुढचे काम

महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, होरांकडे बंगालच्या मत्स्यव्यवसाय खात्याची जबाबदारी आली. त्याच वर्षी सर्वेक्षण संस्था वाराणसीला हलवण्यात आली. पुढच्या वर्षी वरुणा नदीच्या पुरात तिथले अनेक मौल्यवान नमुने खराब झाले. 1947 मध्ये होरा संचालक झाले, तेव्हा अशा संस्थेला पुन्हा उभे करण्याचे काम त्यांच्यापुढे होते.

जुन्या ग्रंथांतील मत्स्यज्ञानाचाही त्यांनी शोध घेतला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात गळाने मासे धरण्यावर एक प्रकरण आहे. त्यातील मासे कोणते असावेत, हे होरांनी आधुनिक शास्त्राच्या मदतीने तपासले.

8 डिसेंबर 1955 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज माशांनीही जपले आहे. केरळच्या विहिरींत सापडणारा आंधळा मासा ‘होराग्लॅनिस’ आणि पश्चिम किनाऱ्याच्या निमखाऱ्या पाण्यातला चिमुकला ‘होराइक्थिस’ ही त्यांच्यावरून ठेवलेली नावे. दुसरे नाव 1940 मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी दिले.

होरांनी ज्या माशांवरून डोंगरांचा इतिहास शोधला, त्यांना वाहते पाणी आणि स्वच्छ दगड लागतात. बंधाऱ्याने प्रवाह अडला आणि दगडांवर गाळ बसला की चकतीला धरायला जागा उरत नाही आणि खरवडायला शेवाळही मिळत नाही. असा ओढा माशांविना झाला, तर होरांच्या कोड्याचा एक पुरावाही त्याच्याबरोबर जातो.