ग्रेव्हज आणि न मिटणारे डोळे

डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट जेम्स ग्रेव्हज यांनी १८३५ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात काही स्त्री-रुग्णांची हकीकत छापली. छातीत सतत धडधड आणि गळ्याला सूज, ही सर्वांची तक्रार होती. त्यांतल्या एकीचे डोळे इतके पुढे आले होते, की झोपेतही पापण्या मिटत नसत आणि बुबुळाभोवती पांढरा भाग सर्व बाजूंनी दिसे.

१७९६ साली डब्लिनमध्ये जन्मलेल्या ग्रेव्हज यांनी १८१८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि ते युरोपच्या प्रवासाला निघाले. त्यांचे जर्मन इतके अस्खलित होते, की ऑस्ट्रियात त्यांना जर्मन हेर समजून काही दिवस तुरुंगात टाकले गेले! परतल्यावर १८२१ पासून मीथ रुग्णालयात त्यांनी विद्यार्थ्यांना थेट रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन शिकवले. तापाच्या रुग्णाला उपाशी ठेवण्याची तेव्हाची रीत मोडून त्यांनी त्याला अन्न द्यायला लावले.

गळ्याच्या सुजेचे मूळ मात्र त्यांनी हृदयात शोधले. ते चुकले, पण नोंद अचूक होती. जर्मनीत कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये हाच आजार स्वतंत्रपणे वर्णिला. युरोपात अनेक ठिकाणी तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ग्रेव्हज १८५३ मध्ये वारले.

खरे कारण कळायला पुढे शतक जावे लागले. १९५६ मध्ये न्यूझीलंडच्या अ‍ॅडम्स आणि पर्व्हज यांना रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला दीर्घकाळ चेतवणारा घटक सापडला. तो शरीराचेच प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, निघाला. थायरॉइडवरील ज्या ग्राहीला हे प्रतिपिंड चिकटते, तसाच ग्राही डोळ्यामागच्या पेशींवरही असतो आणि शेजारच्या 'आयजीएफ-१' ग्राहीच्या साथीने तो त्यांना चेतवतो. तिथले स्नायू आणि चरबी फुगतात. खोबण हाडाची, ती पसरत नाही; मग डोळा पुढे ढकलला जातो. दृष्टिचेता दाबली गेली तर दृष्टीच जाण्याची भीती. थायरॉइड गोळ्यांनी ताब्यात आली, तरी डोळे शांत होतीलच असे नाही.

अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये मंजूर झालेले टेप्रोटुमुमॅब हे औषधही प्रतिपिंडच आहे, पण प्रयोगशाळेत घडवलेले. ते आयजीएफ-१ ग्राही अडवते. दर तीन आठवड्यांनी एक, अशा आठ वेळा ते शिरेतून देतात. अनेकांचे डोळे त्याने मागे सरकतात, दुहेरी दिसणे कमी होते. मात्र काहींची श्रवणशक्ती घटते, रक्तातील साखर वाढते. म्हणून त्या तपासण्या आधीच करून घेतात. धूम्रपानाने डोळ्यांचा हा विकार बळावतो, त्यामुळे सिगारेट सोडायलाही सांगितले जाते.