बाबासाहेब आणि लेकीचा वाटा

धम्म स्वीकारल्यावर घरोघरी एक प्रश्न निघतो: आता आपल्या वाटण्या कोणत्या कायद्याने? उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूला जन्मलेले, लंडनला बॅरिस्टर झालेले बाबासाहेब १९४७ साली स्वतंत्र देशाचे पहिले कायदामंत्री झाले. त्यांनी हिंदू कोड बिल हाती घेतले. बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा वाटा, विधवेला पूर्ण मालकी, स्त्रीला घटस्फोटाचा हक्क, या त्यातील मुख्य गोष्टी. सनातन्यांनी काहूर उठवले, बिल रखडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रखडलेले बिल हे त्याचे मोठे कारण.

पुढे तेच बिल तुकड्यातुकड्याने मंजूर झाले. १९५६ चा वारसा कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही लागू आहे. म्हणून दीक्षेने कुणाचा वारसाहक्क बुडत नाही. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही लेक जन्मतःच लेकाइतकी वाटेकरी झाली.

तेव्हा वारसनोंदीत बहिणीचे नाव घाला. साडीचोळी पुढे करून तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेऊ नका. तिचा वाटा बुडवून बाबासाहेबांच्या तसबिरीला हार कोणत्या हाताने घालणार?