सभापती लेंथॉल

विल्यम लेंथॉल हा पेशाने वकील. शूर म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती. १५९१ साली हेन्ली येथे जन्मलेला हा गृहस्थ १६४० मध्ये इंग्लंडच्या ‘दीर्घ पार्लमेंट’चा सभापती झाला.

४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स राजा सशस्त्र शिपाई घेऊन कॉमन्स सभागृहावर चालून आला. पिम, हॅम्पडन आदी पाच सभासदांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडायचे होते. ते आधीच थेम्स नदीतून नावेने निसटले होते. शिपायांना दाराशी ठेवून राजा आत शिरला, थेट सभापतीच्या आसनापाशी गेला आणि ते पाच जण कोठे आहेत, असे त्याने विचारले. लेंथॉलने गुडघे टेकले. पण सभागृहाच्या आज्ञेवाचून या जागी आपण काही पाहू वा बोलू शकत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. राजा रिकाम्या हाती परतला. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले.

१६५३ मध्ये क्रॉम्वेलच्या माणसांनी लेंथॉललाच आसनावरून उतरविले. तरी पुढच्याच वर्षी क्रॉम्वेलच्या पार्लमेंटचे सभापतिपद त्याने पत्करले! १६६० साली राजसत्ता परतली, तेव्हा टॉमस स्कॉट सभागृहात काय बोलला होता, याची साक्ष याच लेंथॉलने न्यायालयात दिली. स्कॉटला देहान्त शिक्षा झाली. वाचकहो, हे जुळवायचे कसे? मला तो भित्राच वाटतो. म्हणूनच १६४२ चा तो दिवस अधिक मोलाचा वाटतो.

१६६२ मध्ये बरफर्ड येथे तो वारला. थडग्यावर काही कोरायचेच तर आपण एक किडा आहोत एवढेच कोरावे, अशी त्याची इच्छा होती.